सोळा उतरल्या, चौघी उरल्या : ‘योरहा – पर्ल हार्बर डिसेंट रेकॉर्ड’, खंड पहिला

अण्णांनी पुस्तक उलट्या बाजूनं वाचायला घेतलं होतं. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचतात आणि इंग्रजी अनुवादातही पानांचा तोच क्रम ठेवतात, हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहिलं. संध्याकाळी पतसंस्थेतून घरी आले तर अण्णा सोप्यात बसलेले, पुस्तक मांडीवर, आणि शेवटाकडून सुरुवातीकडे एकेक पान चाललेलं. मला बघून म्हणाले, "आधी चौघीच दिसत होत्या. आता वाढत चालल्यात. नवीन भरती हाय का गं?"

मी शेजारी बसले आणि पुस्तक फिरवून त्यांच्या हातात दिलं. नवीन भरती नव्हती. सरळ वाचलं की त्याच मुली कमी होत जातात.

हा ‘योरहा – पर्ल हार्बर डिसेंट रेकॉर्ड’ या मालिकेचा पहिला खंड. कथा योको तारो यांची, चित्रं मेगुमु सोरामिची यांची, प्रकाशक स्क्वेअर एनिक्स. २०१७ साली आलेल्या ‘निअर ऑटोमाटा’ या व्हिडिओ गेमच्या आधीची ही हकिगत आहे. परग्रहावरून आलेल्यांनी पृथ्वीवर यंत्रांची फौज सोडली, माणसं चंद्रावर गेली आणि आता माणसांसाठी अँड्रॉइड लढतात, अशी त्या जगाची मांडणी गेमच्या सुरुवातीला आपल्याला सांगितली जाते. अँड्रॉइड म्हणजे दिसायला हुबेहूब माणूस, आतून यंत्र. त्यांच्यातली सगळ्यात नवी पलटण म्हणजे योरहा. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या बंकर नावाच्या तळावरून त्यांना खाली सोडतात.

गेम मी २०२० च्या टाळेबंदीत खेळले, भावाच्या प्लेस्टेशनवर. दिवसभर टूबी या योरहा अँड्रॉइडला घेऊन लढायचं आणि मग जंगलातल्या किल्ल्यात अचानक समोर एटू नावाची दुसरी अँड्रॉइड येते. अंगावरची कातडी जागोजागी उडालेली, पाळण्यातल्या लहानग्या यंत्र-राजाला तलवारीनं भोसकून उभी. बंकरवरून कळतं की ही फरारी आहे, दिसेल तिथे मारायची. गेमच्या तिसऱ्या भागात हीच एटू तुमच्या हातात येते आणि तुम्ही तिच्याकडून तासन्‌तास यंत्रं तोडून घेता. ती एवढी कडवट कशानं झाली, याची उत्तरं गेममध्ये तुकड्यातुकड्यांनी मिळतात. कुठे एखाद्या जुन्या अहवालाचा कागद, कुठे रेझिस्टन्सच्या, म्हणजे पृथ्वीवरच लढणाऱ्या जुन्या अँड्रॉइडांच्या, छावणीची प्रमुख ॲनेमोनी तिला ओळखून थबकते तो एक क्षण. मला तेवढं पुरलं नव्हतं. तीन-चार वर्षं ते मनात राहून गेलं, म्हणून हे पुस्तक मागवलं.

मागवतानाचा त्रास एका ओळीत सांगते. विक्रेत्यानं पहिल्याऐवजी दुसरा खंड पाठवला, तो परत करून पहिला हातात यायला जवळपास तीन आठवडे गेले. तुम्ही मागवाल तेव्हा पाकीट फोडायच्या आधी पाठीवरचा आकडा बघून घ्या.

तर, गोष्ट. सन ११९४१, डिसेंबरची ८ तारीख. पर्ल हार्बर ज्यावर आहे त्या हवाईतल्या ओआहू बेटावरच्या काआला पर्वतात शत्रूच्या यंत्रांचा सर्व्हर आहे, तो उद्ध्वस्त करायचा म्हणून सोळा योरहा अंतराळातून खाली झेपावतात. वाटेतच बारा जणी जातात. कप्तान, म्हणजे अटॅकर नंबर एक, तीही त्या बारातच. आकड्यानं पुढची म्हणून कप्तानकी नंबर दोनकडे येते. हीच पुढची एटू. पण ती इथे कशी आहे, हे बघताना माझ्या घशाशी आवंढा आला. इथली नंबर दोन मऊ आहे. अदबीनं बोलते, सगळ्यांचं ऐकून घेते, हुकूम सोडताना चाचरते. आपल्याला जमणार नाही असं तिला मनापासून वाटतं आणि तसं म्हणायची सोय तिला नाही, कारण तिच्या वरचं कुणी उरलेलं नाही. तिच्याबरोबर राहतात नंबर चार, जी तिच्यासारखीच तलवारीवर लढणारी. नंबर सोळा, लांब पल्ल्याच्या मोठ्या तोफेवाली, तोंडानं फटकळ. आणि नंबर एकवीस, स्कॅनर, म्हणजे टेहळणी आणि शत्रूच्या यंत्रणेत शिरायचं काम करणारी, बर्फासारखी थंड. चौघींचे स्वभाव सोरामिचींनी उभ्या राहण्याच्या पद्धतीतून दाखवलेत. नंबर दोनचे खांदे बघा. कप्तानकी आल्यावर ते आत ओढले जातात. गेममधली ताठ, पाय फाकवून उभी राहणारी एटू डोळ्यांसमोर असेल तर हे खांदे बघवत नाहीत.

गेम खेळलेल्याला शेवट ठाऊक असतो. यातली कोण जगणार हे मला पहिल्या पानापासून माहीत होतं, आणि तरीही पुस्तक एकदाही सैल झालं नाही. प्रीक्वेल, म्हणजे माहीत असलेल्या गोष्टीच्या आधीची गोष्ट, वाचताना नेहमी वाटतं की ताण कुठून येणार. इथे ताण येतो तो नंबर दोनला दर वेळी ‘ही मोहीम पार पडेल’ असं म्हणताना बघून. तिचं म्हणणं तिच्या सोबतिणी ऐकतात, विश्वास ठेवतात. आपण त्यांच्या डोक्यावरून पुढचं बघत असतो.

आता तारखेविषयी थोडं सविस्तर, कारण माझ्या मते हे पुस्तक त्या तारखेवर उभं आहे. ११९४१ मधून दहा हजार वजा करा. जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला तो १९४१ चा डिसेंबर. अमेरिकेत ती ७ तारीख होती, पण दिनांकरेषेच्या अलीकडे जपानमध्ये ८ उजाडली होती, आणि जपानी माणूस आजही ८ डिसेंबरच म्हणतो. त्या हल्ल्यात २,४०३ अमेरिकी माणसं गेली, त्यातली ११७७ एकट्या ‘ॲरिझोना’ जहाजावरची. ते जहाज आजही तिथल्या पाण्याखाली आहे. आणि गेम सुरू होतो ती तारीख १० मार्च ११९४५. १९४५ मध्ये ९ मार्चच्या रात्री सुरू होऊन १० च्या पहाटेपर्यंत अमेरिकी बी-२९ विमानांनी टोकियो जाळलं, सुमारे एक लाख माणसं एका रात्रीत गेली. म्हणजे पुस्तक आणि गेम मिळून जपानच्या अमेरिकेशी झालेल्या युद्धाचा पहिला घाव आणि मायदेशावरचा एक सगळ्यात मोठा घाव, या दोन टोकांना धरतात.

पण माझ्या डोक्यात बसली ती त्याच ओआहू बेटावरची दुसरी एक हकिगत. १९४१ च्या त्या हल्ल्यात विमानांबरोबर पाच छोट्या पाणबुड्याही होत्या, प्रत्येकीत दोघे. दहातले नऊ मेले. जपाननं त्यांना युद्धदेव ठरवलं, त्यांची चित्रं काढली. चित्रात नऊच. पाणबुड्या पाच, माणसं दोन-दोन, मग नऊ कसे? दहावा, काझुओ साकामाकी, बेशुद्ध अवस्थेत किनाऱ्यावर सापडला आणि अमेरिकेच्या हाती लागलेला पहिला जपानी युद्धकैदी झाला. तो जिवंत राहिला म्हणून चित्रातून गेला. नंबर दोनचं पुढे काय झालं हे गेमनं मला आधीच सांगितलेलं आहे, फरारी, दिसेल तिथे मारायची. त्यामुळे पुस्तकातली मोहीम वाचताना मला सतत ती नऊ जणांची तसबीर दिसत राहिली, आणि तिच्यातली रिकामी जागा.

अण्णांशी बोलताना हे निघालं. अण्णा फौजेत सिग्नल्समध्ये, म्हणजे बिनतारी संदेशांच्या कामावर होते, चोवीस वर्षं, हवालदार होऊन पेन्शनवर आले. ऑपरेशन पवनच्या, म्हणजे श्रीलंकेत भारतीय शांतिसेनेच्या मोहिमेच्या वेळी १९८८ मध्ये सहा-सात महिने तिकडे होते, वावुनियाला. त्या दिवसांचं ते घरात फारसं बोलत नाहीत. मांगा सरळ बाजूनं वाचायला लागल्यावर ते एका पानापाशी थांबले. बंकरवर बसलेले वरून संपर्क ठेवतात, खाली उतरणाऱ्यांचे संदेश येतात आणि तुटतात, असा तो भाग. अण्णांनी बोट पानात ठेवून पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "जाफना युनिव्हर्सिटी."

ती गोष्ट मला तुटकच माहीत होती. ऑक्टोबर १९८७. रात्री हेलिकॉप्टरमधून जाफना विद्यापीठाच्या मैदानात जवान उतरवायचे होते. खालून तमिळ वाघांचा (एलटीटीई) एवढा गोळीबार झाला की पहिल्या फेऱ्यांनंतर पुढची हेलिकॉप्टरं उतरूच शकली नाहीत. तेराव्या शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जवान तिथे एकटे पडले. एकोणतीस गेले. एक जिवंत पकडला गेला.

"आम्ही नंतर गेलो तिकडं," अण्णा म्हणाले. "पण सेटवर बसणाऱ्या प्रत्येकाला ती रात्र तोंडपाठ होती. कॉल द्यायचा, जवाब न्हाई. परत द्यायचा. ड्युटी बदलली की दुसरा बसून तोच कॉल देणार." मग थोडं थांबून, "मेल्याला शहीद म्हणत्यात. राहिल्याला विचारत्यात, तू कसा राहिलास?"

मी गप्प बसले. त्यांनी पुस्तक परत उघडलं आणि विचारलं, "ह्यांना आणायला कोण जाणार हाय?"

पुस्तकात या प्रश्नाला उत्तर नाही, आणि तेच त्याचं मर्म आहे. उतरायचा मार्ग आखलेला आहे, लक्ष्य ठरलेलं आहे, परतीचा आराखडा कुणी दाखवत नाही. ही तुकडी ‘प्रायोगिक’ आहे, असं सुरुवातीलाच येतं. तो शब्द मी पहिल्या वाचनात ओलांडून गेले होते. अण्णा तिथेच अडकले. त्यांच्या बोटाखाली तो शब्द असताना मला लख्ख कळलं की टूबीसारख्या पुढच्या मॉडेलांमध्ये जे कसब दिसतं ते कुणाच्या तरी लढाईची नोंद घेऊन तयार झालेलं असणार. गेममध्ये मी टूबीला सहज उड्या मारायला लावत होते. तिच्या प्रत्येक वाराखाली या मुली आहेत.

नावांविषयीही लिहायलाच हवं. वरून आलेल्या मुलींना नुसते आकडे. खाली बेटावर आधीपासून लढत असलेल्या, जुन्या बनावटीच्या, वरच्यांनी सोडून दिलेल्या अँड्रॉइड आहेत, रेझिस्टन्सच्या. त्यांना नावं आहेत आणि ती फुलांची आहेत. रोझ ही त्यांची म्होरकी, मग डाहलिया, गर्बेरा, लिली. आमच्याकडे जुन्या बायकांत शेवंता, चंपा, बकुळा असायच्या तशी. या दोन गटांची पहिली गाठ पडते तेव्हा विश्वास अजिबात नाही. रोझला वाटतं, वरून आलेत म्हणजे वरच्यांचेच. नंबर दोनला वाटतं, आपल्याच आहेत, मदत करतील. चौघींना आकड्यांनीच हाक मारली जाते आणि समोरच्या मात्र एकमेकींना फुलांच्या नावांनी बोलावतात. नुसतं संवाद वाचत गेलं तरी कुणाला कुणी सोडलंय आणि कुणी कुणाला धरून ठेवलंय ते कानाला कळतं. फौजेतही नंबर चिकटतो म्हणा. अण्णांच्या युनिटमध्ये तीन शिंदे होते, म्हणून त्यांना त्यांच्या आर्मी नंबरच्या शेवटच्या आकड्यांनी हाक मारायचे. त्यातले एक अजून दिवाळीला फोन करतात आणि अण्णा फोन उचलून तोच आकडा म्हणतात, आवाजात केवढा जिव्हाळा. पण त्या आकड्याच्या आधी ‘शिंदे’ असतं, घर असतं, गाव असतं. नंबर सोळाच्या आधी काहीच नाही. म्हणून या मुली एकमेकींशी ज्या तऱ्हेनं आकडा उच्चारतात, हळूहळू त्या आकड्याचंच नाव होत जातं, ते या खंडातलं सगळ्यात सुंदर काम आहे.

ही कथा मुळात रंगभूमीवरची. योरहाचं नाटक टोकियोत २०१४ साली, म्हणजे गेमच्याही आधी झालं. ते पुस्तकात जाणवतं. लढाई थांबते तेव्हा माणसं, म्हणजे अँड्रॉइड, एका जागी बसून एकमेकींशी बोलतात आणि ती दृश्यं घट्ट बांधलेली आहेत. कोण कुणाकडे पाठ करून बसलंय, कोण बोलताना हत्यार पुसतंय, यावर चित्रकाराचं लक्ष आहे. याच गेमवरच्या २०२३ च्या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकेतही हा प्रसंग येतो, पण तिथे तो लवकर उरकतो. इथे श्वास घ्यायला जागा आहे.

खटकलं ते सांगते. लढाईची पानं गर्दीची आहेत. धूर, ठिणग्या, वेगाच्या रेषा, त्यात गोल डोक्याची यंत्रं आणि चौघी, असं सगळं एका पानात आल्यावर वार कुणी केला आणि कुणावर, हे कळायला मला तीन-चार ठिकाणी मागं जावं लागलं. यंत्रं काढण्यात हात सफाईदार आहे, त्यांचे ते गोल चेहरे आणि चमकणारे डोळे नेमके भीतीदायक आहेत, पण हालचालीचा माग लागत नाही. दुसरं, रेझिस्टन्सची मंडळी एकदम समोर येतात. रोझ पहिल्या भेटीत मनात बसते, बाकीच्यांना वेगवेगळं ओळखायला मला दुसरं वाचन लागलं. पुढे त्यांच्यातल्या कुणाचं काही झालं तर मला त्याचं दुःख व्हायला हवं, त्यासाठी त्यांना आणखी चार पानं द्यायला हवी होती. आणि तिसरं, कप्तान नंबर एकला आपण भेटतो न भेटतो तोच ती जाते. नंबर दोनच्या खांद्यावर कुणाची जागा येऊन पडली, ते कळायला कप्तान अजून थोडी जगायला हवी होती.

गेम खेळला नसेल तर वाचावं का? वाचता येतं, गोष्ट सुटी उभी राहते. पण माझं मत, आधी गेम खेळा. नंबर दोनला कप्तानकी मिळते त्या चौकटीत एटूचा चेहरा दिसायला हवा, नाहीतर अर्धं सुख, म्हणजे अर्धं दुःख, हातातून जातं. लहान मुलांच्या हाती देऊ नका. अँड्रॉइड असल्या तरी तुटलेला हात तुटलेलाच दिसतो, आणि विषाणूची लागण झालेलं कुणी आपल्याच सोबत्यांवर उलटतं ही कल्पना या जगात सतत डोक्यावर टांगलेली आहे. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीनं मुखपृष्ठ बघून मागितलं होतं, मी कपाटात वर ठेवलं. इंग्रजी सोपं आहे. लष्करी शब्द थोडे येतात, बाकी दहावीचं इंग्रजी पुरतं. चाळीस-पन्नास मिनिटांत वाचून होतं, हजाराच्या आतली किंमत त्या मानानं जास्त वाटेल. मी हा खंड आतापर्यंत चार वेळा वाचला.

अण्णांचं वाचून झालं गेल्या आठवड्यात. मी पुस्तक परत कपाटात ठेवायला घेतलं तर मधून लाइटबिल खाली पडलं. त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं सोळा ओळी आखलेल्या, रोल कॉलच्या वहीत असतात तशा. पानांतून जे नंबर सापडले ते लिहिलेले, गेलेल्यांच्या पुढे बारीक फुली, चौघींच्या पुढे काही नाही. ज्या गेल्या पण ज्यांचा नंबर त्यांना कुठे सापडला नाही, त्या ओळी त्यांनी कोऱ्या ठेवल्यात. फुली तिथेही मारलेली आहे, ओळीच्या टोकाला.

मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "दुसऱ्या भागात देत्यात का बघ, बाकीच्यांचे." दुसरा खंड परवा मागवला. लाइटबिल पुस्तकातच ठेवलंय.